डबा उकळता तरी भरा, नाहीतर कोरडा तरी न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की पेपरात टोपी घाला, पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका अशा सूचना येतात, त्या बरोबरच आहेत, पण दुपारी आपण जो डबा उघडतो त्याच्याबद्दल कोणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी जुळे सोलापुरात राहते आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाचं काम बघते. सकाळी साडेसहाला डबा भरायचे आणि जेवायची सुट्टी दीड वाजता, म्हणजे सात तास डबा पिशवीत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, वर पत्र्याचं शेड. कित्येकांचा डबा तर गाडीच्या डिकीतच असतो, गाडी उन्हात.

मागच्या मे महिन्यात मी वरणभात नेला होता, उघडला तर वरणाला तार सुटलेली. मी टाकून दिलं. शिलाई खात्यातल्या एक काकू माझ्याशेजारी बसतात, त्यांच्याही भाताला वास येत होता, पण त्या म्हणाल्या "काय नाही ओ, जरा आंबलाय एवढंच, लिंबू पिळते की" आणि खाल्ला. संध्याकाळपासून उलट्या, दोन दिवस घरी, रोजावर काम असल्यामुळे दोन दिवसांचा पगार पण गेला. मी हात धरून थांबवायला पाहिजे होतं, ते अजून मनातून जात नाही.

नंतर मी जरा वाचलं तेव्हा कळलं की भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात, त्यांची बीजं शिजवून पण मरत नाहीत, भात कोमट राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. आपण मात्र "एक उकळी दिली की झालं" म्हणतो! साधारण ५ ते ६० अंशाच्या मधलं अन्न धोक्याचं, ६० च्या वर असेल तर जंतू वाढत नाहीत. म्हणजे गार झालेल्या जेवणाने चव जाते ते सोडाच, खरी भीती कोमट जेवणाची आहे.

दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला, त्याने मला जपानी पद्धतीचा डबा दिला. बाहेरचं भांडं स्टीलचं, त्याच्या दोन भिंती आणि मधली हवा काढून घेतलेली, त्यामुळे आतली उष्णता बाहेर यायला फारसा रस्ता राहत नाही. आत गोल वाट्या एकावर एक, सगळ्यात खाली पातळ, त्यावर भात, आणि वरच्या वाटीत जे गरम लागत नाही ते. तिकडे थर्मास आणि डबे करणारी झोजिरुशी म्हणून ओसाकाची कंपनी १९१८ पासून आहे, नावाचा अर्थच हत्ती छाप. आणि ही निर्वात भांड्याची युक्ती जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये काढली, प्रयोगशाळेत अतिथंड वायू ठेवायला, जेवणाचा विचार पण नव्हता त्यात.

डबा चांगला आहे पण वापरायची रीत आहे, ती नीट पाळली नाही तर पैसे वाया. आधी त्यात उकळतं पाणी घालून झाकण लावून पाच मिनिटं ठेवायचं, मग ओतून लगेच आमटी भरायची, आणि आमटी गॅसवरून उकळतीच उतरवलेली पाहिजे, ताटात वाढतो तशी नको. वाटी काठोकाठ नाही पण भरलेली हवी, अर्धी वाटी लवकर निवते. मधे उघडून बघायचं नाही. मी आता भात सगळ्यात शेवटी लावते आणि साडेसातला, निघायच्या तोंडावर भरते, म्हणजे सहाच तास होतात. दीड वाजता आमटीतून वाफ निघते, शिलाईतल्या बायका बघायला येतात. दही मात्र त्यात अजिबात नको, गरमीत लवकर आंबतं, ते वेगळ्या छोट्या डबीत. झाकणाचं रबर रोज काढून धुवायचं नाहीतर लसणाचा वास बसतो, तारेची घासणी लावायची नाही.

एक सावध करते. मिस्टरांसाठी मी बाजारातून गरम राहणारा म्हणून दुसरा डबा आणला, बाहेर प्लास्टिक, आत स्टील, व्हॅक्यूम काही नाही. दुपारी त्यात आमटी कोमट असायची. असा डबा साध्या डब्यापेक्षा पण वाईट, कारण आतलं जेवण तासनतास जंतूंना पाहिजे तेवढंच गरम राहतं आणि आपण गरम आहे म्हणून बिनधास्त खातो. घ्यायच्या आधी दुकानात विचारा, घरी आणून उकळतं पाणी भरून बघा, बाहेरून हाताला गरम लागलं तर तो कामाचा नाही.

आणि भाकरी. भाकरी या डब्यात घालू नका, वाफेने लगदा होतो. तिला असलं भांडं लागतच नाही. आपल्या आज्यांनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली ती काय उगाच? भाकरी खरपूस वाळवलेली, चटणी कोरडी कुटलेली, पाण्याचा थेंब नाही म्हणून जंतूंना वाढायला जागा नाही, कडक भाकरी तर कितीतरी दिवस टिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची असेल तर बघायलाच नको. ज्यांना महाग डबा परवडत नाही त्यांनी उन्हाळ्यात कोरडंच न्यावं, वरणभात रात्री घरी खावा. मला पण भाच्याने दिला म्हणून मिळाला, स्वतः घ्यायचा तर मी दहादा विचार केला असता. काकू आता भाकरी-चटणी आणतात आणि मी आमटी दोघींपुरती नेते.

पण रोजावरच्या बाईने स्वतःच सगळं सांभाळायचं हे बरोबर नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात १५० च्या वर कामगार असतील तर जेवणाची खोली द्यावी हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं, आपल्याकडे तर कितीतरी युनिट त्याहून लहान, तिथे डबे खिळ्याला टांगलेले असतात नाहीतर मशीनखाली. मालकांना माझी विनंती आहे की सावलीत, पंख्याखाली एक फळी तरी द्या डब्यांना, आणि सकाळी कामावर आल्या आल्या आमटी उकळून घेता येईल अशी एक शेगडी. आणि संपादक साहेब, आपल्या शहरातल्या एखाद्या डॉक्टरांकडून डब्यातल्या जेवणावर लिहून घ्या आणि ते मेच्या आत छापा.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर