साठ दानांवर फाशाचा निवाडा नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फाशाचा संशय आला की ‘साठ वेळा टाकून पाहा, प्रत्येक आकडा दहाच्या आसपास आला तर फासा खरा’ असे सर्रास सांगितले जाते. ही कसोटी फारच दुबळी आहे.

समजा, साठ दानांत सहा १५ वेळा पडले आणि बाकीचे आकडे प्रत्येकी ९ वेळा. काय-वर्ग कसोटीत प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतल्या फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने (इथे १०) भागायचे आणि सहाही आकड्यांच्या उत्तरांची बेरीज करायची. इथे बेरीज येते ३. स्वातंत्र्यमात्रा (आकड्यांच्या संख्येपेक्षा एक कमी) ५ आणि सार्थकता पातळी (खरा फासाही चुकून नापास ठरण्याची शक्यता) ५ टक्के धरली तर कोष्टकातली मर्यादा ११.०७ आहे, म्हणजे फासा सुटला! हेच प्रमाण ६०० दानांत टिकले (सहा १५० वेळा, बाकीचे ९०-९० वेळा) तर बेरीज ३० होते आणि तो सपशेल पकडला जातो.

आणि हा तर ढळढळीत खोटा फासा. सहाची शक्यता १/६ ऐवजी १/५ एवढीच असेल, तर पाचपैकी चार वेळा तरी तो सापडावा यासाठी सुमारे १,६०० दाने टाकावी लागतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १८९४ मध्ये १२ फासे २६,३०६ वेळा टाकले, तेव्हा पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण ३३.३३ ऐवजी ३३.७७ टक्के निघाले. ठिपके कोरलेल्या फाशात सहाची बाजू किंचित हलकी होऊन जास्त वेळा वर येते, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये ही काय-वर्ग कसोटी मांडताना हेच आकडे वापरले होते.

दानांची संख्या आधी ठरवून ती पुरी करावी. मनासारखा निकाल दिसताच थांबले, की ५ टक्क्यांना अर्थ उरत नाही. तिरपा अडकलेला फासा मोजायचा की पुन्हा टाकायचा, हेही आधीच ठरवावे. सगळ्यात जास्त पडलेला आकडा मागाहून निवडून तेवढाच तपासणे तर निव्वळ लबाडी. ६०० दानांत ९२, १०५, ९७, ८८, ९९, ११९ असे आकडे आले, तर एकट्या सहाचा विचलनांक (अपेक्षेपासूनचे अंतर, प्रमाण विचलनाच्या पटीत) २.०८ येतो, म्हणजे ५ टक्क्यांच्या १.९६ या मर्यादेच्या वर, पण सहाही आकड्यांची काय-वर्ग बेरीज फक्त ६.०४ भरते, म्हणजे ११.०७च्या खालीच. वीस खरे फासे तपासले तरी त्यातला निदान एक ‘नापास’ होण्याची शक्यता ६४ टक्के आहे, म्हणून नापास फासा नव्या दानांनी पुन्हा तपासावा.

ही कसोटी क्रम पाहत नाही. एक ते सहा ओळीने पुन्हापुन्हा पडले तरी बेरीज शून्यच. बेरीज १.१५ पेक्षा कमी येणे खऱ्या फाशातही सुमारे ५ टक्के वेळाच घडते. तशी आली तर आधी नोंदवही तपासावी, आकडे घरबसल्या लिहिलेले असू शकतात.

आपला,
संख्याशास्त्राचा एक अभ्यासक