बाबा, दुखत नाही म्हणूनच दाखवायचं

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल फोनवर आई बोलता बोलता सांगून गेली, की बाबांच्या उजव्या चवड्यावरच्या घट्ट्यात काळपट ठिपका दिसतोय. मागून बाबांचा आवाज आला, "दुखत-बिखत काही नाही, उगाच तिच्या जिवाला घोर नको." फोनवर हा विषय दोन मिनिटांत गुंडाळला जातो, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, आणि बाबा, शेवटपर्यंत ऐका.

मधुमेह बरीच वर्षं मुरला की पायाच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. पुढे ती जळजळ कमी होते आणि माणसाला वाटतं, चला, बरं झालं. बऱ्याचदा तेव्हा संवेदनाच गेलेली असते. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी तुम्हाला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक दोरा तळव्याला टेकवला होता, आठवतंय? तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. अंगठ्याखाली आणि चवड्यावर तो टेकलेला तुम्हाला कळलाच नव्हता. ज्या पायाला तो दोरा कळत नाही, त्याला रुतलेली टाचणी किंवा चटका देणारं पाणी वेळेवर कळेल असा भरवसा कसा धरायचा? तुमचं "दुखत नाही" मला म्हणूनच धीर देत नाही.

आता त्या घट्ट्याबद्दल. पायातले छोटे स्नायूही याच नसांवर चालतात. ते अशक्त झाले की बोटं आकडीसारखी वाकतात, चवड्याची हाडं खाली येतात आणि प्रत्येक पावलाचा भार त्याच एका जागी पडतो. कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, पण तो जाड घट्टाच मग चपलेत अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसात रुतत राहतो. आत रक्त साकळतं. तुमचा काळपट ठिपका म्हणजे तेच असण्याची दाट शक्यता आहे. वरून कातडी अखंड दिसते आणि खाली जखम तयार होत असते. कृपा करून तो ब्लेडने तासू नका, कुरूपाची पट्टीही लावू नका. त्या पट्टीतलं अ‍ॅसिड चांगली कातडीसुद्धा जाळतं. घट्टा डॉक्टरांनाच काढू दे, म्हणजे खाली काय आहे ते दिसेल.

डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करायचे. त्या रुग्णांच्या पायांची इतकी हानी का होते, याचा शोध घेताना त्यांच्या लक्षात आलं, की दुखत नसल्यामुळे माणसं त्याच जखमेवर चालत राहतात. पुढे अमेरिकेत त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला आणि पायाला प्लास्टर घालून जखमेवरचा भार हलका केला. आजही तळव्यावरच्या अशा जखमेला गुडघ्यापर्यंतचं, सहज काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट हा मुख्य उपचार आहे. मलम कुठलं लावलं यापेक्षा जखमेवर पाय किती पडला, हे जास्त महत्त्वाचं. काढता येणारा बूट दिला तर लोक घरात तो काढून ठेवतात. बाबा, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते: तसं करायचं नाही.

जखम झालीच, तर अशा जखमांपैकी जवळपास निम्म्यांत जंतुसंसर्ग होतो. ताप येईल तेव्हा बघू, असं म्हणून थांबू नका, कारण संसर्ग खोल गेला तरी ताप नसू शकतो. कधी कारण नसताना शुगर चढते, तेवढीच काय ती खूण. लाली पसरतेय, सूज आहे, पाय गरम लागतोय, वास किंवा पू येतोय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. बोट काळं-निळं किंवा थंडगार पडलं तर तडक हॉस्पिटल. जखम नसताना अख्खं पाऊल लाल, गरम होऊन सुजलं तरी त्यावर उभं राहू नका. आतली हाडं मोडत असू शकतात. आणि उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. संसर्ग नसलेल्या जखमेला त्यांचा उपयोग नसतो, आणि हाडापर्यंत गेलेल्या संसर्गाला त्या कित्येक आठवडे लागतात.

आई, रोज संध्याकाळी चांगल्या उजेडात, चष्मा लावून त्यांचे पाय बघ. तळवे, टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, सगळं. तू नसशील तेव्हा बाबांनी खाली आरसा धरून स्वतः बघावं. क्रीम टाचांना लावा, पण बेचक्या कोरड्याच ठेवा. आंघोळीचं पाणी तू कोपराने बघ, त्यांनी पाय घालून नव्हे. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बंद. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा आणि घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही.

हे सगळं आत्ताच का, तर एकदा झालेली जखम भरली तरी साधारण ४० टक्के लोकांना वर्षाच्या आत पुन्हा होते. आत्ता कदाचित कातडी फाटलेली नाही. ही वेळ हातची घालवायची नाही.

मला त्रास नको म्हणून तुम्ही गप्प राहता, हे मी लहानपणापासून बघतेय. बाबा, हा त्रास मला हवा आहे. बारीक खरचटलं तरी कळवा, अर्ध्या रात्री कळवा.

उद्या सकाळचं फिरणं रद्द करा आणि डॉक्टरांकडे जा. पायाची नाडी लागते का आणि बोटातला रक्तदाब मोजायला हवा का, ते विचारा. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या की घोट्याजवळच्या रक्तदाबाचं माप उगाच चांगलं येतं. संसर्ग हाडापर्यंत गेल्याची शंका असेल तर सुरुवातीचा एक्स-रे साफ आला तरी डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा काढा. आई, निघण्याआधी त्या ठिपक्याचा फोटो मला पाठव आणि तिथे पोचलात की फोन लाव, मीही डॉक्टरांशी बोलेन.

तुमची लेक