वर्गणी देणारा काय बघून देतो?

महोदय,

लोककलांसाठी लोक आता खिशात हात घालत नाहीत, अशी तक्रार आपल्या पुरवणीत अधूनमधून वाचतो. सात वर्षं गावच्या यात्रा कमिटीचा खजिनदार होतो, पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलोय. लोक देतात. फक्त ‘कला जगावी’ म्हणून देणारा मला अजून भेटायचाय.

आमची यात्रा चैत्रात. पाडव्याच्या आधीपासून नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. तिथं जायचं, घासाघीस करायची, इसार देऊन तारीख पक्की करायची. सुपारी, म्हणजे फडाला द्यायची ठरलेली रक्कम, घरटी वर्गणीतून उभी राहते. रात्री खेळ, दुसऱ्या दिवशी हजेरीचा कार्यक्रम, आणि तिकीट कशालाच नाही. वर्गणी बुडवणाराही पुढं येऊन बसतो, त्याला कुणी उठवत नाही.

एका म्हातारीचं घर मी मुद्दाम टाळून चाललो होतो. एकटी राहायची, आणि तिच्या वयाच्या बायका काही तमाशाला जात नसत. तिनंच हाक मारली, कनवटीची शंभराची नोट काढली. म्हटलं, आजी, तुम्ही तर बघायला येत नाही. तर म्हणाली, “बघत नसंल रं, पर ढोलकी घरात ऐकू येती की. गण झाला, गवळण लागली, समदं कळतं मला.”

दुसरा एक जण पुण्यात स्थायिक झालेला, यात्रेलाही येत नाही. पण दरवर्षी फोनवरून पाच हजार पाठवतो. पावती वारलेल्या वडिलांच्या नावानं फाडायची आणि नाव स्पीकरवर पुकारायचं, एवढीच अट. मोठेपणाची हौस म्हणा हवं तर. असल्या हौसेवरच मोठ्या फडातली शंभरावर माणसं, कलावंतांपासून आचारी-ड्रायव्हरपर्यंत, हंगाम काढतात.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता आणि देशभर टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. आमचा इसार आठवडाभर आधीच गेलेला. यात्रा रद्द, पुढच्या वर्षीही तेच. इसार परत मागावा की नाही, यावरून कमिटीत कडाक्याचं वाजलं. मागावा म्हणणाऱ्यांत मीही होतो. खजिनदाराचं डोकं, दुसरं काय! शेवटी आमचा हलगीवाला म्हणाला, “त्यांनी कवाच खाऊन टाकला असंल, आता देतील कुठनं?” विषय मिटला. 2022 ला फड आला तेव्हा मालकानं तो इसार सुपारीतून आपणहून वळता करून घेतला. आम्ही विसरलो नव्हतो, पण तोंडानं काढलं नव्हतं.

शहरातल्या संस्थांची देणगीची आवाहनं वाचतो. त्यांत ‘वारसा’ असतो, ‘संवर्धन’ असतं, पण खेळ कधी आणि कुठं ते सापडत नाही. गेल्या वर्षी दिलेल्या पैशांचं काय झालं, तेही नाही. आमच्याकडे यात्रा उलगडली की हिशेब देवळाच्या भिंतीला चिकटतो. मांडववाल्याला शंभर रुपये जास्त गेले तरी चार जण मला पारावर अडवायचे. वैताग यायचा. पण पुढच्या वर्षी पहिल्या चार पावत्या त्यांच्याच फाटायच्या.

– एक माजी खजिनदार, ता. खेड, जि. पुणे