त्या एकाकी नव्हत्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील अमेरिकेच्या जुन्या महिला महाविद्यालयांवरचा लेख मी दोनदा वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे हे मान्य केलेच पाहिजे, आणि मराठीत या विषयावर सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून सुरुवातीला आनंदही झाला. परंतु माउंट होल्योक महाविद्यालयाच्या अध्यक्ष मेरी वूली, वेल्स्लीच्या प्राध्यापिका आणि कवयित्री कॅथरीन ली बेट्स आणि ब्रिन मॉर महाविद्यालयाच्या अध्यक्ष केरी थॉमस या तिघींना लेखकाने एकाच ओळीत बसवून, शिक्षणासाठी संसारसुखावर पाणी सोडणाऱ्या आणि जन्मभर एकाकी राहिलेल्या तपस्विनी ठरवले आहे. त्यांच्या विद्यार्थिनींच्या प्रेमाची बोळवण तर 'वयाचा भाबडेपणा' एवढ्या दोन शब्दांत केली आहे. इतिहास शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या मला हे वाचून गप्प बसवेना.

कॅथरीन ली बेट्स आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका कॅथरीन कोमन या दोघी वेल्स्ली महाविद्यालयात शिकवत होत्या आणि सुमारे पंचवीस वर्षे एकमेकींच्या सोबतीने राहिल्या. १९१५ साली कोमन कर्करोगाने गेल्या. त्यानंतर बेट्स यांनी एका पत्रात लिहिले की, आपला इतका मोठा भाग कोमनबरोबर मरून गेला आहे, की आपण जिवंत आहोत की नाही याचीच कधीकधी खात्री वाटत नाही. १९२२ मध्ये त्यांनी कोमन यांच्या आठवणीत लिहिलेल्या कवितांचा अख्खा संग्रह प्रसिद्ध केला. ज्या बाईने आपले प्रेम आणि आपला शोक स्वतःच्या नावानिशी छापून जगापुढे ठेवला, तिला शंभर वर्षांनी आपण कोणत्या अधिकाराने एकाकी म्हणतो? लेखकाने बेट्स यांचे अमेरिकाभर गायले जाणारे देशभक्तिपर गीत आठवणीने सांगितले, कोमन यांचे नाव मात्र संपूर्ण लेखात एकदाही येत नाही.

विद्यार्थिनींच्या बाबतीतही हीच गत आहे. येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात १८७३ साली व्हासर या महिला महाविद्यालयातील मुलींविषयी एक मजकूर छापून आला होता. एखादी मुलगी दुसरीवर भाळली की ती तिला रीतसर फुलांचे गुच्छ, रंगीत कागदावरच्या चिठ्ठ्या, मिठाईच्या पुड्या, क्वचित आपल्या केसांची बटसुद्धा पाठवते आणि दुसरी वश होईपर्यंत थांबत नाही, असे त्यात वर्णन आहे. मुली याला 'स्मॅश' म्हणत. १८८२ मध्ये स्त्री-हक्कांच्या चळवळीतील नेत्या लूसी स्टोन यांची कन्या ॲलिस स्टोन ब्लॅकवेल हिने याच प्रकाराबद्दल एका पत्रात काळजी व्यक्त केली आहे, कारण या प्रेमापायी मुलींची झोप उडते, त्या रडरड करतात आणि प्रकृतीवर परिणाम होतो. त्या काळजीमागचे कारणही समजून घेतले पाहिजे. एडवर्ड क्लार्क नावाच्या बोस्टनच्या डॉक्टरांनी १८७३ मध्येच, जास्त अभ्यासाने मुलींचे शरीर खिळखिळे होते, असे पुस्तक लिहून ठेवले होते आणि महाविद्यालयातील प्रत्येक आजारी मुलगी ही शिक्षणाच्या विरोधकांच्या हातातले कोलीत ठरत होती. थोडक्यात, त्या काळच्या लोकांना हे प्रेम स्पष्ट दिसत होते आणि ते त्याची दखलही घेत होते.

मला हे इतके का लागले, ते सांगते. मी ज्या वसतिगृहात राहून पदवीपर्यंत शिकले, तिथे माझ्याच खोलीत राहणाऱ्या मुलीचे वरच्या मजल्यावरच्या एका मुलीवर प्रेम होते. दोघी रोज मेसमध्ये शेजारी बसून जेवत, तरी एकमेकींना पत्रे लिहीत. प्रॅक्टिकलच्या वहीतून फाडलेल्या आलेखाच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेली ती पत्रे माझी मैत्रीण बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत असे. एकदा ट्रंकांची तपासणी झाली आणि तो डबा रेक्टरबाईंच्या हाती लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे, आम्ही सगळ्या बादल्या घेऊन गरम पाण्यासाठी रांगेत उभ्या असताना, त्यांनी तिला पुढे बोलावून ती पत्रे एकेक करून तिच्याच हाताने बंबात घालायला लावली. ती रडली नाही. शेवटचा कागद नीट पेटला नाही, म्हणून बाईंनी तो तिला चिमट्याने आत सारायला सांगितला. वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या वडिलांना तार गेली आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना ती ट्रंक-वळकटी घेऊन निघून गेली, ती आम्हाला पुन्हा कधी दिसली नाही. माझी मैत्रीण शिकली, शिक्षिका झाली, तिने लग्न केले नाही. ती गेली तेव्हा तिच्या शाळेतील शोकसभेत वक्त्यांनी, तिने संसाराचा मोह टाळून एकटीने आयुष्य शाळेला वाहिले, असे भरभरून सांगितले. सभागृहात खरे काय ते ठाऊक असलेली बहुधा मी एकटीच होते. तुमच्या लेखकाचे वाक्य त्या भाषणातून उचलल्यासारखे आहे, म्हणून ते मला सहन झाले नाही.

मेरी वूली आणि जनेट मार्क्स यांची पत्रे कुणी जाळली नाहीत. ती माउंट होल्योकच्या संग्रहात आहेत. वेल्स्लीत वूली शिकवायला आल्या तेव्हा मार्क्स तिथे विद्यार्थिनी होत्या. १९०१ मध्ये वूली माउंट होल्योकच्या अध्यक्ष झाल्या, मार्क्स तिथेच इंग्रजी शिकवू लागल्या आणि १९४७ मध्ये वूली वारल्या त्या मार्क्स यांच्या घरी. शिक्षिका आणि विद्यार्थिनी या नात्यातून हे सुरू झाले, त्याबद्दल आज प्रश्न विचारता येतील आणि ते जरूर विचारावेत. याच मार्क्स यांनी पुढे मुलींच्या अशा मैत्रीचा निषेध करणारा निबंध लिहिला आणि तो अप्रकाशित राहिला, हेही खरे आहे. जे आपण स्वतः जगलो, तेच इतरांना वर्ज्य ठरवण्याची वेळ त्यांच्यावर आली, इतकी भीती त्या काळात वाढत चालली होती. या सगळ्याची चर्चा करता आली असती. पण त्यासाठी आधी ते प्रेम होते, हे मान्य करावे लागते.

केरी थॉमस यांच्या बाबतीत तर लेखकाची मांडणी इतिहासालाच सोडून आहे. त्यांनी ब्रिन मॉरचे अध्यक्षपद केवळ विद्वत्तेच्या जोरावर मिळवले, असे लेखात म्हटले आहे. विद्वत्ता वादातीत होती, परंतु विश्वस्त का-कू करत असताना त्यांच्या श्रीमंत मैत्रीण मेरी गॅरेट यांनी, थॉमस अध्यक्ष झाल्या तर त्या पदावर असेपर्यंत महाविद्यालयाला दरवर्षी दहा हजार डॉलर देईन, असे कळवले होते. थॉमस १८९४ मध्ये अध्यक्ष झाल्या. त्यांच्याबरोबर आधी राहणाऱ्या मेमी ग्विन १९०४ मध्ये लग्न करून गेल्यावर गॅरेट थॉमस यांच्या घरी राहायला आल्या आणि १९१५ मध्ये मरताना आपली संपत्ती त्यांच्या नावे करून गेल्या. जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८९३ मध्ये पहिल्या दिवसापासून मुलींना प्रवेश दिला, तोही गॅरेट यांच्या देणगीतील अटीमुळे. या संस्था त्यागातून उभ्या राहिल्या असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण त्यामागे दोन बायकांचे प्रेमही होते, हे वाचकांपासून का लपवायचे?

भाबडेपणाच्या मुद्द्याला तर आकड्यांतच उत्तर आहे. स्वतः व्हासरमध्ये शिकलेल्या कॅथरीन बेमेंट डेव्हिस यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बाराशे अविवाहित पदवीधर स्त्रियांपैकी निम्म्याहून काही अधिक जणींनी दुसऱ्या स्त्रीबद्दल उत्कट भावनिक ओढ अनुभवल्याचे सांगितले, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या जणींच्या बाबतीत त्या नात्याला शारीरिक बाजू होती किंवा ते लैंगिक स्वरूपाचे असल्याचे त्यांनी ओळखले होते. त्या सुशिक्षित, प्रौढ बायका होत्या आणि आपण काय सांगत आहोत हे त्यांना पुरते कळत होते.

जाता जाता आणखी एक तक्रार. व्हासर हे या परंपरेतील पहिले, असे चौकटीत ठळक अक्षरांत छापले आहे. व्हासर १८६५ मध्ये सुरू झाले. मेरी लायन यांनी माउंट होल्योकची शाळा त्याआधी, १८३७ मध्येच काढली होती आणि तिचेच पुढे महाविद्यालय झाले. पुरवणीतील चौकट शाळेतली मुले वहीत उतरवून घेतात, तेव्हा छापण्यापूर्वी ती कुणीतरी तपासायला हवी होती.

पुढच्या रविवारी याच पानावर दुरुस्ती छापावी, ही विनंती. चौकटीतली चूक तर दुरुस्त कराच, पण त्याबरोबर बेट्स यांच्या परिच्छेदात कॅथरीन कोमन यांचे, वूलींच्या परिच्छेदात जनेट मार्क्स यांचे आणि थॉमस यांच्या परिच्छेदात मेरी गॅरेट यांचे नाव, त्यांचे परस्परांशी नाते काय होते यासह, स्पष्ट शब्दांत द्यावे. जागा कमी पडत असेल तर माझे हे पत्र छापले नाही तरी चालेल, दुरुस्ती मात्र छापा.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापिका