निनादची बटणे आणि पोळीचा तुकडा : मित्रास पत्र

नाशिक,
दि. ६ जुलै

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला निनादचा तपासणी अहवाल, दोन्ही नीट वाचले. अहवालात ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’, म्हणजे हालचालींची जुळणी नीट न होण्याची अडचण, असे निदान आहे आणि ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारांचा, सल्ला दिलेला आहे. बुद्धीने चुणचुणीत, गोष्टी सांगण्यात पटाईत असलेल्या सात वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणे लावता येऊ नयेत याचा अर्थ काय, आणि थेरपीने तो स्वतःचे स्वतः करू लागेल का, असे तू विचारले आहेस. हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे फोनवर धीराचे दोन शब्द बोलून मोकळे होणे मनाला पटेना, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा आळस नाही, हट्ट नाही, आणि वहिनींच्या किंवा काकूंच्या लाडाचा परिणाम तर मुळीच नाही. शाळकरी वयाच्या मुलांपैकी साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ही अडचण आढळते. त्यांच्या स्नायूंत ताकद असते, काय करायचे तेही त्यांना समजते. परंतु कोणती हालचाल कोणत्या क्रमाने आणि किती जोर लावून करायची, याची जुळणी इतर मुलांची जशी आपोआप होते तशी त्यांची होत नाही. निनादच्या हालचाली मोठेपणीही थोड्या अवघडलेल्या राहू शकतील, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मात्र एखादे ठरावीक काम नीट उकलून, पुन्हा पुन्हा करून घेतले, तर ते त्याला येऊ शकते, आणि आपल्या उपचारांचा सगळा भर त्यावरच असला पाहिजे.

आता बटणाचेच उदाहरण घे. तू आज शर्ट घालताना स्वतःच्या हातांकडे लक्ष देऊन पाहा. एक हात काजाची कड चिमटीत धरून भोक उघडे ठेवतो, दुसरा हात बटण तिरके करून त्याची कड आत सारतो, आणि बटण अर्धे बाहेर डोकावताच दोन्ही हात आपापली कामे बदलतात : सारणारा हात कापड धरतो आणि धरणारा हात बटण ओढतो. निनाद नेमका या अदलाबदलीपाशी अडतो; त्याच्या दोन्ही हातांची बोटे एकाच वेळी सुटतात आणि बटण मागे निसटते. तुम्ही पाहता तेव्हा ‘याला काहीच येत नाही’ असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात त्याला त्या कामाचा बराच भाग येतो आणि एकच दुवा सुटतो. म्हणून आम्ही हे काम बहुधा शेवटाकडून शिकवतो. मोठ्या माणसाने बटण अर्धे सारून द्यावे आणि मुलाने फक्त ओढून काढावे. ते जमले की सारणेही त्याच्याकडे द्यावे. असे केल्याने काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो. सुरुवात पोटाजवळच्या बटणापासून करा, कारण ते त्याला दिसते. गळ्याजवळचे दिसत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी. आणि शिंप्याकडून गणवेशाचे काज किंचित सैल करून घ्या, बटणे कापडाला घट्ट न टाकता दोऱ्याचा थोडा देठ ठेवून टाकायला सांगा. मुलाला बदलण्याआधी वस्तू बदलता येते का, हे पाहणे हा आमच्या कामाचा अर्धा भाग आहे.

तू विचारशील की, मग थेरपी सेंटरमध्ये झोके, मोठे चेंडू, मण्यांच्या माळा हे सगळे कशासाठी असते. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी स्पर्श, तोल आणि हालचालींच्या संवेदनांवर मूलभूत काम केले आणि त्यातून ही साधने प्रचारात आली. ज्या मुलाला साबणाचा फेस किंवा शर्टाच्या मानेवरचे लेबल सहन होत नाही, कुकरच्या शिट्टीने जो घर सोडून पळतो, त्याच्यासाठी त्या दिशेने विचार करावाच लागतो. निनादच्या अहवालात तसे काही दिसत नाही. त्याच्यासारख्या मुलांबाबत २०१९ साली ज्या आंतरराष्ट्रीय शिफारशी प्रसिद्ध झाल्या, त्यांचा कल जे काम यायला हवे त्याच कामाचा सराव करून घेण्याकडे आहे. माझा अनुभवही तेच सांगतो. चार महिने झोक्यावर बसवून मूल आपोआप जेवू लागेल, असे कोणी आश्वासन देत असेल तर तिथे पैसे भरू नकोस. सत्रांचे पॅकेज आगाऊ विकणाऱ्या आणि पालकांना दाराबाहेर बसवणाऱ्या ठिकाणाबद्दल मला मनापासून चीड आहे, कारण तिथे शिकलेले घरी पोहोचतच नाही. थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे आहे का, हे जरूर विचार. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, चौकशी कर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, २०१३ पासून, अशी केंद्रे मुलांसाठीच उभी केलेली आहेत.

जाता जाता, तू सातारचा म्हणून एक गोष्ट सांगतो. फलटणचे कमला निंबकर बालभवन तुला ठाऊक आहेच. ज्यांचे नाव त्या शाळेला आहे त्या कमलाताई जन्माने अमेरिकन होत्या, आणि १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे देशातले पहिले विद्यालय त्यांनीच सुरू केले. मी जे काही आज करतो आहे त्याची मुळे तिथे आहेत, आणि तुझ्याच जिल्ह्यात त्यांचे नाव रोज मुलांच्या तोंडी आहे, याचे मला फार समाधान वाटते.

आता जेवणाविषयी. काकू निनादला अजून भरवतात, असे तू थोड्या संकोचाने लिहिले आहेस. त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग, आणि हेही सांग की त्यांचे भरवणे बंद करायचे नाही, ते हळूहळू मागे सरकवायचे आहे. एका हाताने पोळी तोडणे किती अवघड आहे याची आपल्याला कल्पनाच नसते : मधल्या दोन बोटांनी पोळी ताटावर दाबून धरायची आणि त्याच हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने तुकडा ओढायचा. निनादला काही महिने दोन्ही हातांनी पोळी तोडू द्या. डावा हात जेवणाला लावू नये हे काकूंना खटकेल, ते मी जाणतो. पण ताटाजवळ बसून उपाशी राहण्यापेक्षा किंवा चारचौघांत दुसऱ्याच्या हातून जेवण्यापेक्षा ते बरे, एवढे त्यांना पटवून दे. काकूंनी वरणभात कालवून द्यावा, पहिले दोन घास त्याने स्वतः घ्यावेत, उरलेले त्यांनी भरवावेत. मग त्याचे घास वाढत जावेत. शाळेचा डबा मात्र लगेच बदला. स्टीलच्या डब्याचे घट्ट झाकण उघडण्यातच त्याची छोटी सुट्टी संपत असणार आणि तो डबा तसाच घरी येत असणार. कडीचा, सहज उघडणारा डबा द्या आणि पोळीची गुंडाळी करून द्या.

हे सगळे सकाळी करायला जाऊ नका. सातला व्हॅन दारात उभी असताना कोणतेही मूल शिकत नाही आणि कोणत्याही आईला धीर राहत नाही. सकाळी बटणे वहिनींनी लावावीत, शेवटचे एक त्याच्यासाठी ठेवावे. सराव संध्याकाळी किंवा रविवारी, तोही थोडाच वेळ. सरावाच्या वेळी तुम्हा सर्वांना जे सर्वांत कठीण जाणार आहे ते म्हणजे थांबणे. तो अडला की लगेच हात पुढे करू नका. आधी नुसते थांबा. मग नजरेने किंवा बोटाने दाखवा. मग एखादा शब्द. आणि त्यानंतरच हाताला हात लावा. ‘असे कर’ म्हणण्यापेक्षा ‘बटण कुठे निसटले, तुला काय वाटते?’ असे विचारा. काय करायचे ते ठरवणे, बेत आखणे, करून पाहणे आणि जमले का ते तपासणे, हा क्रम मूल स्वतः बोलू लागले की तोच क्रम ते बुटाच्या नाडीला, दप्तराच्या चेनला, आंघोळीच्या तांब्यालाही लावून पाहते. निनाद बोलका आहे. ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

शाळेबाबत फार लिहीत नाही. बाईंना भेट, अहवाल दाखव, आणि अक्षराबद्दल वर्गात त्याला बोलू नये एवढी विनंती कर. बाकावर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर पायांखाली लाकडी पाट ठेवू द्यावा. पाय टेकले की धड स्थिर राहते आणि हाताला लिहिण्यासाठी मोकळीक मिळते. फळ्यावरचे उतरवायला थोडा जास्त वेळ मिळाला तर उत्तमच.

आता तुझ्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. अहवालातल्या अडचणींची यादी तुझी, वहिनींची आणि डॉक्टरांची आहे. निनादला एकट्याला जवळ घेऊन विचार की त्याला स्वतःला काय यायला हवे आहे. तो कदाचित बटणांचे नावही काढणार नाही. सायकल म्हणेल, पतंगाची दोरी म्हणेल, किंवा मित्रांसोबत डबा खाणे म्हणेल. जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून मला कळव, आणि तो ते काम आता कसे करतो याचा छोटा व्हिडिओही पाठव. सुरुवात त्याच कामाने करायची, आणि तुमच्या तिथल्या थेरपिस्टशीही मी त्याच आधारे बोलेन.

वहिनींना नमस्कार, निनादला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत