दार उघडं आहे की उघडून ठेवलंय? : जपानीच्या सेन्सेइंना आभारपत्र

आदरणीय सेन्सेइ,

स. न. वि. वि.

मध्यम पातळीच्या जपानी वर्गाचं शेवटचं सत्र संपलं. तुमचे आभार मानायचे तर ते मोघम मानून चालणार नाहीत. आमच्या निबंधातल्या प्रत्येक मोघम वाक्याखाली तुम्ही लाल रेघ मारून "म्हणजे नक्की काय?" असं लिहीत आलात, म्हणून नक्की कशाकशाबद्दल ते लिहितो.

पहिली गोष्ट, अडलेल्याला तुम्ही आळशी ठरवलं नाहीत. सुरुवातीला प्रत्येक धडा काहीतरी नवं हातात देतो. मध्यम पातळीवर मात्र आधीच्या तीन रूपांच्या शेजारी अगदी तसंच दिसणारं चौथं रूप येऊन उभं राहतं, आणि माणूस पुढे जाण्याऐवजी मागे आल्यासारखा वाटतो. तुम्ही सांगितलंत की ही दरी परीक्षा घेणाऱ्यांनीही मान्य केलेली आहे. १९८४ साली सुरू झालेल्या जेएलपीटीला (जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेला) चारच पातळ्या होत्या. जुन्या तिसरीतून दुसरीत जाणारी उडी फार मोठी ठरली, म्हणून २०१० मध्ये मधली एन-३ घालण्यात आली. ही माहिती ऐकून वर्गातला निम्मा ताण गेला.

दुसरी, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट: मराठी बाजूला ठेवा, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मराठी कुठे हात धरते आणि नेमका कुठे सोडते, हे तुम्ही दाखवलंत. क्रियापदाच्या 'ते' रूपाला इंग्रजीतून समजावायचं तर लांबलचक व्याकरण लागतं. मराठीत ते आपलं '-ऊन' आहे. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणं, 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं. ठेवणं आणि बघणं ही क्रियापदंसुद्धा तीच. लगेच तुम्ही हात कुठे सुटतो तेही सांगितलंत. 'योन्दे शिमात्ता' म्हणजे वाचून टाकलं, पण 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरून बसलो. काम उरकलं तर आपण 'टाकणं' वापरतो, हळहळ असेल तर 'बसणं' किंवा 'जाणं'. जपानी दोन्हीकडे 'शिमाउ' ठेवते आणि निवड संदर्भावर सोडते. ही जोडक्रियापदं लिहिताना कांजी (अर्थ दाखवणारी चिनी चिन्हं) वापरायची नाही, हिरागानाच (उच्चार दाखवणारी लिपी) ठेवायचा, ही बारीक सूचनाही तुमचीच. 'ताबेते मिरु'मधल्या 'मिरु'ला डोळ्यांनी बघण्याची कांजी लावली की वाचणारा अडखळतो.

दाराचा तास कुणीच विसरणार नाही. 'दोआ गा आइते इरु' म्हणजे दार उघडं आहे; कुणी उघडलं याची चौकशी नाही. 'दोआ गा आकेते आरु' म्हणजे कुणीतरी काही हेतूने उघडून ठेवलंय. पहिल्यात अकर्मक 'आकु', दुसऱ्यात सकर्मक 'आकेरु'. पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं अशा जोड्या मराठी माणसाच्या तोंडात असतात, त्यामुळे कल्पना पटकन कळते. घोटाळा होतो तो 'उघडणं'सारख्या क्रियापदापाशी, कारण दार उघडतं आणि आपण दार उघडतो, दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द. तुम्ही चाळीस जोड्यांचा तक्ता दिलात, पण तो अकारविल्हे लावला नव्हता, ढीग पाडले होते. 'शिमारु-शिमेरु', 'आत्सुमारु-आत्सुमेरु' या ढिगात '-आरु' अकर्मक. 'नाओरु-नाओसु', 'ताओरेरु-ताओसु' या ढिगात '-सु' सकर्मक. हे दोन ढीग भरवशाचे. तिसऱ्यापाशी तुम्ही थांबवलंत: 'आकु-आकेरु'मध्ये '-एरु' सकर्मक आहे, पण 'वारेरु-वारु' (फुटणं-फोडणं) आणि 'ओरेरु-ओरु' (मोडणं, आपोआप आणि मुद्दाम) यांत तोच '-एरु' अकर्मक होतो. '-एरु दिसला की सकर्मक' असा स्वतःच बनवलेला नियम घेऊन फिरणारे इथेच आपटतात. म्हणून हा ढीग वाक्यासकट पाठ करायचा, 'गा' (कर्त्याचा प्रत्यय) किंवा 'ओ' (कर्माचा) जोडूनच.

त्यातलाच एक धागा शिष्टाचाराचा. हातून कप फुटला तर मराठी माणूस "माझ्याकडून कप फुटला" म्हणतो आणि ते पुरेसं नम्र असतं. जपानीत 'कोप्पु गा वारेमाशिता' एवढंच म्हटलं तर कप आपला आपण फुटल्यासारखं होतं. माफी मागताना 'कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता' म्हणायचं, म्हणजे सकर्मक क्रियापद घेऊन जबाबदारी अंगावर घ्यायची. पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरून हे कधीच कळलं नसतं.

देण्याघेण्यात मराठी आणखी तोकडी पडते. आपलं 'देणं' एकच. जपानीत बाहेर जाणारं 'आगेरु' आणि आपल्याकडे येणारं 'कुरेरु' वेगळं. '-ते मोराउ'ला मात्र '-ऊन घेणं' चपखल बसतं: शब्द मित्राकडून तपासून घेतला, 'तोमोदाचि नि मिते मोरात्ता'. मराठीतलं 'कडून' म्हणजे इथलं 'नि'. देणारी व्यक्ती नसून संस्था असेल तर 'नि'ऐवजी 'कारा'. मित्राला चुकून 'गा' लावला तर घेणाराच बदलतो आणि वाक्य उलटं होतं. मित्राने शिकवलं एवढंच सांगून 'कुरेता' गाळला तर व्याकरण बरोबर राहतं, पण उपकाराची दखल न घेतल्यासारखं ऐकू येतं. आणि शिक्षकांची पिशवी घ्यायची असेल तर 'मोत्ते आगेमाशोउ का' नको, त्यात उपकार केल्याचा सूर येतो; 'ओमोचि शिमाशोउ का' म्हणायचं.

'तर' आणि 'की'च्या चार जपानी रूपांवर तुम्ही पूर्ण दोन आठवडे घालवलेत, आणि ते सार्थकी लागले. बटण दाबलं की दार उघडतं, इथे 'तो' बरोबर: 'बोतान ओ ओसु तो, दोआ गा आकु'. मराठीचा 'की' पुढे विनंतीही चालवून घेतो, "पोचलास की फोन कर". म्हणून मराठी विद्यार्थी हमखास 'त्सुकु तो, देन्वा शिते' लिहितो आणि ते चुकतं. 'तो'नंतर आज्ञा, विनंती, इच्छा येत नाही. तिथे 'त्सुइतारा' हवं. दुसरा सापळा 'नारा'चा. 'शिकेन ओ उकेरु नारा रेन्राकु शिते कुदासाइ' म्हणजे परीक्षा देणार असाल तर कळवा, अर्थात आधीच. 'उकेतारा' म्हटलं तर परीक्षा दिल्यावर कळवा. मराठीत हा फरक 'देणार असाल' आणि 'दिल्यावर' यांनी आपण रोज करतो. तो तिथून उचला, असं तुम्ही म्हणालात आणि गुंता सुटला. तसंच 'म्हणे'चं. 'ओइशिसोउ' म्हणजे चविष्ट दिसतंय, 'ओइशिइ सोउ' म्हणजे चविष्ट आहे म्हणे. एका 'इ'चा फरक, पण 'म्हणे' आठवलं की गल्लत होत नाही.

उच्चारांसाठी तुम्ही वृत्तांच्या मात्रा काढायला लावल्यात. जपानी 'हाकु' म्हणजे मात्राच. लघूची एक, गुरूची दोन, आणि जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हे शाळेत शिकलेलं इथे जसंच्या तसं कामाला येतं. 'किते' दोन हाकु, 'कित्ते' तीन, 'किइते' तीन: ये, पोस्टाचं तिकीट, ऐक. 'शिम्बुन'चे चार, कारण त्यातला प्रत्येक अनुनासिक स्वतंत्र हाकु घेतो. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, म्हणून 'ओबासान' आणि 'ओबाआसान' एकसारखे निघतात आणि मावशीची आजी होते. 'किनेन' म्हणजे स्मरण, तीन हाकु. 'किन्-एन' म्हणजे धूम्रपान बंदी, चार. दुसऱ्यात 'न' पुढच्या 'ए'ला चिकटू द्यायचा नाही. देवनागरीत उच्चार लिहून ठेवायला तुम्ही बंदी घातलीत तेव्हा कुरकुर झाली होती, पण कारण खरं होतं: 'सा'ला काना दिसला की मराठी डोळा त्याला दोन मात्रा देतो, आणि जपानीत ती एकच असते. या पत्रात देवनागरी नाइलाजाने वापरतो आहोत, वाचणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

चढउतारही तुम्ही शब्द सुटा म्हणून शिकवला नाहीत. 'हाशि' म्हणजे खाण्याच्या काड्या: 'हा' उंच, पुढे उतार. पूल आणि कड हे दोन्ही 'हाशि' एकटे असताना सारखेच वाटतात, 'शि' उंच. 'गा' जोडला की पुलाचा 'गा' खाली येतो आणि कडेचा वरच राहतो. म्हणून शब्द नेहमी प्रत्ययासकट म्हणायचा. शॅडोइंगच्या चार फेऱ्याही नेमक्या होत्या: दीड मिनिटाचा उतारा आधी नुसता ऐकायचा, मग मजकूर बघत मागोमाग म्हणायचा, मग न बघता, आणि शेवटी स्वतःचं ध्वनिमुद्रण मूळ आवाजाशी ताडायचं. चौथी फेरी टाळणाऱ्याची तीच चूक महिनाभर पक्की होत जाते.

कांजीबद्दल थोडक्यात, कारण तिथे कष्टांना पर्याय नाही. रोजच्या वापराच्या जोयो यादीत २,१३६ कांजी आहेत. त्या सुट्या पाठ करण्याऐवजी उच्चार देणारा भाग ओळखायला तुम्ही शिकवलंत. 'निळा'ची कांजी 'सेइ'. तिला पाण्याची बाजू लागली की स्वच्छ, सूर्याची लागली की निरभ्र, बोलण्याची लागली की मागणी, आणि उच्चार तिन्हीकडे 'सेइ'. मनाची बाजू लागून भावना झाली की मात्र बहुधा 'जोउ'. देवळाच्या कांजीचं कुटुंब तर फसवं: वेळ आणि धरणं यांत 'जि', पण वाट पाहण्यात 'ताइ' आणि 'विशेष'मध्ये 'तोकु'. अंदाज करायचा, पण शब्दकोशात बघितल्याशिवाय तो वहीत उतरवायचा नाही.

आणि साकुबुन, म्हणजे निबंधलेखन. जेएलपीटीत लिहिणं-बोलणं मुळातच नाही. एन-३ला १८० पैकी ९५ गुण आणि प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९ मिळाले की उत्तीर्ण. तरीही तुम्ही दर आठवड्याला चारशे चौकोनांच्या गेन्कोउ योउशिवर (लेखनाच्या कागदावर) लिहून घेतलंत. परिच्छेदाचा पहिला चौकोन मोकळा, विरामचिन्हाला स्वतंत्र चौकोन, छोट्या 'त्सु'लाही स्वतंत्र, आणि पूर्णविराम नव्या ओळीच्या सुरुवातीला आला तर तो आधीच्या ओळीच्या शेवटच्या चौकोनात कोंबायचा. 'देसु-मासु' (विनम्र शैली) आणि 'दा-देआरु' (साधी लेखी शैली) एकाच लेखात मिसळले की तुम्ही पुढचं वाचतच नव्हता, आणि ते योग्यच होतं. तुम्ही चूक दुरुस्त करून दिली नाहीत, फक्त खूण केलीत: गोल म्हणजे प्रत्यय, त्रिकोण म्हणजे क्रियापदाची जोडी, नागमोडी रेघ म्हणजे मराठीतून जसंच्या तसं आलेलं वाक्य. दोन दिवसांनी तेच पुन्हा लिहायचं. त्रिकोण हळूहळू कमी होत जातात. नागमोडी रेघा सगळ्यात शेवटी जातात.

आदरार्थी भाषेत आमचा सगळ्यात हट्टी गैरसमज तुम्ही काढलात. मराठीतलं अहोजाहो माणसाला चिकटलेलं असतं. साहेब कुणाशीही बोलताना 'साहेब बाहेर गेलेत' असेच राहतात. जपानीत ते समोर कोण आहे यावर ठरतं. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्याच वरिष्ठांच्या नावामागचं 'सान' गळतं आणि क्रियापद नम्र होतं, 'इराश्शारु'च्या जागी 'ओरिमासु'. २००७ च्या अधिकृत मार्गदर्शिकेत केइगोचे (आदरार्थी भाषेचे) तीनऐवजी पाच प्रकार केले आहेत हे तुम्ही सांगितलंत, पण आधी आतला कोण आणि बाहेरचा कोण ते ठरवा, प्रकार नंतर, हेही बजावलंत.

शेवटी एक विनंती. जोड्यांचा तुमचा तक्ता आणि खुणांची यादी पुढच्या तुकडीला द्यायची इच्छा आहे. ही परवानगी 'त्सुकात्ते इतादाकेमासु का' अशी मागितली तर तक्ता तुम्हीच वापरा असा अर्थ होईल. वापरणार आम्ही, वापरू देणार तुम्ही, म्हणून 'करू देणं' घालून विचारतो:

त्सुकावासेते इतादाकेमासेन का.

आपले कृतज्ञ,
मध्यम पातळीच्या वर्गातले विद्यार्थी