सॅलफर्डच्या लायब्ररीत आपली गिरणी

प्रिय संद्या,

तुझ्या मेसेजला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, सॉरी यार. पण काल जे बघून आलोय ते व्हॉट्सॲपवर दोन ओळीत भागणारं नाही, म्हणून सरळ पत्रच.

इथं मँचेस्टरला चिकटून सॅलफर्ड आहे, तिथं युनिव्हर्सिटीसमोर लाल विटांच्या जुन्या बिल्डिंगमधे वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी आहे. अख्खी लायब्ररी कामगारांची! संपाची पत्रकं, युनियनचे बॅनर, मीटिंगची मिनिट्स, पार अठराव्या शतकापासूनचं. आणि हे जमवलं कुणी तर एका नवरा-बायकोने. एडी फ्रो टूलमेकर, रूथ शाळेत मास्तरीण, दोघं १९५३ ला भेटले आणि मग सुट्टी लागली की जुन्या मॉरिस व्हॅनमधून गावोगाव पुस्तकांची दुकानं धुंडाळत फिरायचे, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही तरी थांबले नाहीत. शेवटी १९८७ मधे सगळं इथं हलवलं. एडी स्वतः १९३१ च्या इथल्याच बेकारांच्या मोर्च्यात पोलिसांचा मार खाऊन जेलात जाऊन आलेला, त्यामुळे पत्रकाची किंमत त्याला कळत असणार.

मी आधी मेल टाकून विचारलं होतं, भारताबद्दल काय आहे का. लायब्ररीतल्या बाई बॉक्स घेऊन आल्या, मेरठ कटाच्या खटल्याचा, म्हणजे इंग्रज सरकारने कम्युनिस्ट आणि युनियनच्या पुढाऱ्यांवर राज्य उलथवायचा कट केला म्हणून भरलेला तो खटला. अरे, १९२९ ला ज्यांना धरलं त्यात डांगे, निंबकर, मिरजकर, आपले गिरणी कामगार युनियनवाले, आणि सोबत तीन इंग्रज पण! त्यातला लेस्टर हचिन्सन पुढे मँचेस्टरमधूनच खासदार झाला. निकाल १९३३ ला, तोवर माणसं आतच सडली. तेव्हा इथली कामगार पोरं रस्त्यावर 'मेरठ' नावाचं छोटं नाटक करायची, हातात लाकडी दांडे, ते असे आडवे-उभे धरायचे की तुरुंगाचे गज दिसावेत आणि त्यातून तोंडं बाहेर काढून बोलायचं. सेटचा खर्च शून्य. आपल्या गणपतीच्या नाटकाला तू पुठ्ठ्याचा तुरुंग केलेला आणि तो पहिल्याच प्रवेशात पडला, ते आठवून मी तिथं एकटाच हसलो, शेजारचे आजोबा बघायला लागले.

पण खरं सांगू का, मला लागलं ते वेगळंच. काचेखाली एक युनियनचं कार्ड होतं, घडी पडून पडून मधे फाटलेलं, वर्गणीचे शिक्के मारलेलं. एवढंसं. आमच्या अण्णांकडे असल्या पावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला, ८२ च्या संपातली हँडबिलं पण होती त्यात. खोली विकली तेव्हा मीच रद्दीवाल्याला दिला रे. किलोवर. काटा मारतोय म्हणून त्याच्याशी भांडलो पण, आणि अण्णा बाजूला स्टुलावर बसून नुसते बघत होते, एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्या माळ्यावर तुझ्या आजोबांची हिरवी पत्र्याची ट्रंक होती ना, आपण पतंग लपवायचो त्याच्यामागे? आहे का अजून? रिडेव्हलपमेंटवाले खोली खाली करायला सांगतायत म्हणालास म्हणून विचारतोय. वहिनीला सांग मी आल्याशिवाय उघडू नका. डिसेंबरात येतोय, तिकीट झालंय.

तुझा,
पक्या